सबवूफर जोडायचा, पण वेगळा ऐकू येऊ द्यायचा नाही

सांगली-मिरजेकडे घरात चांगला अँप्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर असलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते. गळा सुरेख येतो, सतार स्वच्छ येते, पण खाली काहीतरी रिकामं वाटतं. वाटणारच. पाच-साडेपाच इंची वूफरचा छोटा स्पीकर साधारण ५५-६० हर्ट्झच्या खाली दमतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास लागते, म्हणजे ती अगदी काठावर आली. बेस गिटारची सर्वात खालची तार ४१ हर्ट्झची, ती तर काठाबाहेरच राहते. ही उणीव सबवूफर भरून काढतो. तो नीट बसल्याची खूण अशी, की तो वाजतोय हे कळत नाही. बंद केला की काय गेलं ते कळतं. मिरवणुकीत छातीत धडधडणारा बेस घरात हवा असेल तर या लेखाचा उपयोग नाही.

खरेदी करताना एकच गोष्ट पक्की विचारा: सबवूफर अ‍ॅक्टिव्ह आहे ना? म्हणजे त्याच्या पोटात स्वतःचा अँप्लिफायर आणि मागे विजेची वायर असली पाहिजे. जुन्या होम थिएटर संचातला सबवूफर बहुधा पॅसिव्ह असतो, त्याच्याच डब्याशिवाय चालत नाही. तो तुमच्या अँपला जोडायच्या भानगडीत पडू नका. दहा बाय बाराच्या खोलीला आठ इंची पुरतो, मोठ्या हॉलला दहा इंची घ्यावा. मुख्यतः शास्त्रीय संगीत ऐकणार असाल तर माझं मत बंद पेटीच्या सबवूफरला. भोकवाल्या पेटीचा आवाज मोठा येतो, पण स्वस्त मॉडेलात तो रेंगाळतो.

आधी स्पीकर, मग सबवूफर

सबवूफर खोक्यातच राहू द्या आणि आधी दोन स्पीकर तपासा. दोन्हीकडे लालला लाल, काळ्याला काळी वायर आहे का? एका बाजूला उलटी लागली असेल तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खाऊन टाकतात, आणि माणूस उगाच सबवूफर शोधत फिरतो. दोन्ही स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा, आणि ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सूर वाजवणारा छोटा गोल) कानाच्या उंचीला यावा. खाली गादीवर बसून ऐकण्याची सवय असेल तर कानाची उंचीही खाली येते, तेव्हा सोफ्याच्या मापाचे स्टँड घेऊ नका.

वायर कुठून कुठे

वायरी जोडण्याचं सगळं काम प्लग काढून करायचं. अँपच्या मागे ‘सब आउट’ असेल तर तिथून एकच आरसीए केबल (मध्ये पिन असलेली, गोल तोंडाची) सबवूफरच्या लाइन किंवा एलएफई इनपुटला न्या, काम झालं. ‘प्री आउट’ असेल तर डावी-उजवी अशा दोन केबल लागतात.

दोन्ही नसेल, आणि साध्या स्टीरिओ अँपवर पुष्कळदा नसतंच, तर सबवूफरवर ‘हाय लेव्हल’ किंवा स्पीकर इनपुट आहे का पाहा. असेल तर अँपच्या ज्या स्पीकर टर्मिनलना तुमचे स्पीकर लागले आहेत, त्यांनाच आणखी एक वायर जोडून ती सबवूफरकडे न्यायची. सबवूफर तिथून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे अँपवर भार पडेल ही भीती नको. एक काळजी मात्र घ्याच. काही अँपमध्ये, विशेषतः नव्या लहान क्लास-डी अँपमध्ये, काळं टर्मिनल म्हणजे ‘ग्राउंड’ नसतं. डाव्या-उजव्या काळ्या वायरी एकत्र पिळल्या तर अँप जळू शकतो. माहितीपुस्तिकेत बघितल्याशिवाय जोडू नका. आणि स्पीकरची वायर आरसीएच्या भोकात घालायचा प्रयोग कोणत्याही अँपवर करू नका.

जागा

नॉबला हात लावण्याआधी जागा ठरवा. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि खर्च शून्य.

बेसची लाट मोठी असते. ७० हर्ट्झची लाट जवळपास पाच मीटर लांब. आपल्या खोल्या त्याहून लहान. त्यामुळे बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो, दहा फुटी बाजूला ५६च्या आसपासचा. भिंतीला टेकून बसलात तर हे सूर फुगून येतात, खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर जवळजवळ गायब होतात. जमिनीवर सतरंजी टाकल्याने वरचा खणखणाट कमी होईल, पण या लाटांवर त्याचा फारसा परिणाम नाही.

म्हणून उलटा प्रयोग करा. सबवूफर तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, सावकाश चढणारी-उतरणारी बेस गिटारची ओळ लावा, आणि स्पीकरच्या बाजूच्या भिंतीलगत खाली वाकून, जमल्यास रांगत, फिरा. घरचे हसतील, हसू द्या. जिथे प्रत्येक सूर सारख्या ताकदीने येतो, एखादाच ढॅमढॅम करत नाही, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वात मोठा येतो, म्हणून दुकानदार तोच सुचवतात. पण तिथे घुमण्याची खोडही सर्वात जास्त असते. दोन स्पीकरच्या मधल्या भागात, भिंतीपासून थोडं पुढे, ही सुरुवातीला बरी जागा. फार लांब, तुमच्या पाठीमागे ठेवला तर बेस वेगळीकडून येतोय हे कानाला जाणवू लागतं.

क्रॉसओव्हर, फेज, आवाज, याच क्रमाने

साध्या स्टीरिओ अँपवर स्पीकर पूर्ण आवाज वाजवत राहतात, सबवूफर फक्त खालून भर घालतो. म्हणून क्रॉसओव्हरचा नॉब, म्हणजे सबवूफरने कुठल्या सुराच्या खालीच वाजायचं ते ठरवणारा, स्पीकर जिथे दमतो त्याच्या जवळ, ५५-६० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. ८०-१००ला ठेवलात तर दोघेही तेच सूर वाजवतील आणि पुरुषाचा आवाज पडसं झाल्यासारखा येईल. एव्ही रिसीव्हर (सिनेमासाठीचा, अनेक स्पीकर चालवणारा अँप) असेल तर गणित वेगळं: स्पीकर ‘स्मॉल’ करा, रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झ निवडा आणि सबवूफरचा स्वतःचा नॉब शेवटपर्यंत फिरवा, नाहीतर गाळणी दोनदा लागते.

फेज म्हणजे सबवूफरचा पडदा स्पीकरच्या पडद्याबरोबर पुढे-मागे होतो की उलटा. ती जुळवायला दुसरा माणूस हवा. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, क्रॉसओव्हरच्या आसपासचा सूर वाजू द्या, त्याला फेजचं बटण ० आणि १८० असं फिरवायला सांगा. ज्यात बेस भरीव येतो ते ठेवा. फरकच कळत नसेल तर ०वर सोडून द्या.

आवाज शून्यापासून चढवत न्या. सबवूफर ऐकू येतोय असं वाटलं की थोडा मागे घ्या. यासाठी ओळखीचं ध्वनिमुद्रण वापरा, चित्रपटातले स्फोट नकोत. मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीतसभेत तानपुरा आणि तबला जवळून ऐकलेल्या माणसाला वेगळं मोजमाप लागत नाही. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड खालून वर सरकते, ती कुठे तुटली किंवा मध्येच फुगली तर क्रॉसओव्हर पाच हर्ट्झने हलवून बघा. तरीही फुगत असेल तर पुन्हा जागेकडे या. दोन दिवस वेगवेगळी गाणी ऐकून मगच निकाल द्या. पहिल्या तासाला प्रत्येकाला बेस जास्त आवडतो.

उरलेल्या कटकटी

‘घूं’ असा आवाज येत असेल तर अँप आणि सबवूफर एकाच बोर्डावर लावा, टीव्हीला येणारी केबलची वायर काढून बघा. आवाज घालवायला तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन कापणारे इलेक्ट्रिशियन भेटतील. त्यांना तसं करू देऊ नका. हळू आवाजात सबवूफर मधूनच झोपत असेल तर मागचा स्विच ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर करा. खोलीत काही खडखडत असेल तर दोष बहुधा लोखंडी कपाटाच्या दाराचा किंवा मांडणीवरच्या ताटांचा असतो. फ्लॅटमध्ये सबवूफरखाली जाड रबर घाला. स्लॅबमधून खाली जाणारी थरथर त्याने कमी होते, हवेतून जाणारा आवाज होत नाही, म्हणून रात्रीसाठी नॉब खाली आणावाच लागतो.

सगळं जमलं की नॉबांचा फोटो काढा आणि सबवूफरच्या चार कोपऱ्यांना जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. कृष्णाकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ आठवत असेल. पुराचा इशारा आला की वायरींना चिठ्ठ्या लावून सगळ्यात आधी सबवूफर वर न्या: तोच जमिनीला टेकलेला असतो आणि एकट्याला उचलत नाही.