प्लाझ्मा-प्रक्रिया केलेले पाणी आणि योनीमार्गाचा जंतुसंसर्ग : या चुका टाळा

अंगावरून जाणारा पातळ, करडट स्राव आणि त्याचा माशासारखा वास औषधाने जातो आणि काही महिन्यांत परत येतो, तेव्हा कोणतीही स्त्री नव्या उपायाकडे आशेने पाहते. ती आशा रास्त आहे. प्लाझ्मा-प्रक्रिया केलेले पाणी हा असाच एक नवा उपाय, म्हणूनच या पाण्याविषयीचे गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत.

पहिला गैरसमज नावातूनच होतो. हा प्लाझ्मा रक्तातला नव्हे. हवेत किंवा आर्गॉनसारख्या वायूत उच्च विद्युतदाब दिला की त्या वायूचे आयनीभवन होते, म्हणजे त्याचे कण विद्युतभारित होतात. हाच प्लाझ्मा. असा वायू पाण्याच्या संपर्कात आला की पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट, नायट्रेट असे पदार्थ तयार होतात. शुद्ध पाण्यावर हवेच्या प्लाझ्माची प्रक्रिया केल्यास ते आम्लधर्मीही होते. जंतू मरतात ते या सगळ्याच्या एकत्रित परिणामाने.

दुसरी चूक म्हणजे हे पाणी बाटलीत भरून ठेवण्याजोगे औषध समजणे. त्यातले काही घटक क्षणार्धात नाहीसे होतात, तर काही तासांत किंवा दिवसांत घटतात. शिवाय वायू कोणता, प्रक्रिया किती वेळ केली, उपकरण कसे आहे, यांवर पाण्याचे घटक बदलतात. त्यामुळे घरगुती उपकरणातून निघालेल्या पाण्याची मात्रा नेमकी किती, हे सांगताच येत नाही. अशा उपकरणातून ओझोनही बाहेर पडू शकतो आणि तो श्वसनमार्गाला त्रासदायक असतो.

सर्वांत घातक चूक मात्र ‘जंतू मेले की काम झाले’ असे मानण्याची आहे. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 3.8 ते 4.5 राखतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या स्रावाच्या आजारात, हे राखणदार कमी होतात, गार्डनरेला आणि इतर जंतू वाढतात व आतल्या आवरणावर चिकट थर धरतात. या थराआड लपलेले जंतू हे आजार उलटण्याचे एक कारण मानले जाते. म्हणून नव्या उपायाला खरा प्रश्न हा विचारायचा, की तो हा थर भेदताना लॅक्टोबॅसिलसला वाचवतो का. प्रयोगशाळेच्या बशीतले यश इथे पुरेसे नाही, कारण शरीरात श्लेष्मा आणि प्रथिने पाण्यातले क्रियाशील घटक आधीच खर्च करून टाकतात. हा उपचार अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. तोवर या किंवा कोणत्याही पाण्याने योनीमार्ग आतून धुऊ नये. आतून धुण्याच्या सवयीचा या आजाराशी संबंध वारंवार आढळला आहे.

स्वतःच निदान करणे ही आणखी एक चूक. खाज आणि दह्यासारखा घट्ट स्राव बुरशीकडे बोट दाखवतो, आणि त्यात पीएच बहुधा नेहमीसारखाच राहतो. उलट रक्त किंवा वीर्य मिसळले तरी पीएच वाढलेला दिसतो, म्हणून पीएच मोजण्याच्या एका पट्टीवर विसंबू नये. डॉक्टर स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा काही पेशींवर जंतूंची इतकी दाट गर्दी असते की पेशीची कडच धूसर होते. ही खूण, 4.5 पेक्षा जास्त पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण मिसळताच उठणारा माशासारखा वास आणि एकसारखा पातळ स्राव, या चारपैकी तीन गोष्टी जुळल्या की बॅक्टेरियल व्हजायनोसिसचे निदान होते.

वास गेला म्हणून औषध अर्धवट सोडू नका. या आजारावरच्या मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक गोळीचा नेहमीचा क्रम 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 7 दिवस असा असतो. क्लिंडामायसिन या दुसऱ्या औषधाच्या क्रीममधल्या तेलाने कंडोम कमकुवत होतो, हेही लक्षात असू द्या. आजार वारंवार उलटत असेल, तर जोडीदाराच्या उपचाराचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पुरुष जोडीदारालाही उपचार दिल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण कमी झाले. गरोदरपण, ताप किंवा ओटीपोटात दुखणे असेल, तर प्रयोग करण्यात एक दिवसही घालवू नका.