मेलेल्या हार्ड डिस्कच्या जागी सीएफ कार्ड: ४८६ हाती आलेल्यांसाठी

जुना ४८६ (४८६ प्रोसेसरचा, नव्वदच्या दशकातला पीसी) हाती आला की पहिला मोह होतो तो बटण दाबून बघायचा. त्याआधी झाकण उघडा. मदरबोर्डवर पिंपासारखी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर कापून टाका. ती गळलेली असली की आजूबाजूचे ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) हिरवे पडतात. तिथे व्हिनेगरचा हात फिरवा, नीट वाळू द्या.

मग डिस्क. कुरकुरत का होईना फिरत असेल तर आधी तिची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, काढून घ्या. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू यासाठी उत्तम: खराब सेक्टरपाशी (डिस्कवरच्या साठवणीच्या छोट्या तुकड्यापाशी) अडून बसत नाही, पुढचं उचलतं आणि राहिलेल्याकडे नंतर वळतं. डीटीपीवाल्याचं मशीन असेल तर फाइलींबरोबर फॉन्टही उचला. युनिकोडच्या आधीचा मजकूर तो फॉन्ट नसला तर उघडतो, पण दिसतो रोमन अक्षरांचा काला.

बदली म्हणून मी कॉम्पॅक्टफ्लॅशच (सीएफ) घेतो. सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलेलं हे कार्ड मुळातच आयडीईची, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीची, भाषा बोलतं, त्यामुळे अडॅप्टरचं काम पिना जुळवण्यापुरतंच. एसडी कार्डाला मध्ये चिप लागते, आणि जुन्या बायोसशी (मशीन सुरू होताना डिस्क ओळखणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामशी) तिचं जमेलच असं नाही.

नवख्यांचा खरा घाम निघतो तो आकड्यांत. जुना बायोस डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी मोजतो. त्या काळच्या बऱ्याच बायोसना १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर यापलीकडचं दिसत नाही. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे गुणाकार सुमारे ५२.८ कोटी बाइट. ५१२ एमबीचं कार्ड त्यात चपखल बसतं, म्हणून शोधाशोध करून तेच मिळवा. ३२ जीबीचं स्वस्त मिळालं तरी इथे त्याचा उपयोग नाही.

पार्टिशन मात्र त्याच ४८६ वर करा. नव्या पीसीवर यूएसबी रीडर लावून केलं तर तो बहुतेकदा २५५ हेड धरून चालतो, आणि तेच कार्ड ४८६ मध्ये ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणत बसतं. बायोसमध्ये ऑटो-डिटेक्ट असेल तर ते चालवा, नसेल तर कार्डाचे आकडे हाताने भरा. मग डॉसच्या (विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) फ्लॉपीवरून एफडिस्क ही पार्टिशन पाडणारी कमांड, पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह, आणि ‘फॉरमॅट सी: /एस’. एवढं करूनही बूट होत नसेल तर ‘एफडिस्क /एमबीआर’. कोऱ्या कार्डावर बूट कोड (कार्डाच्या सुरुवातीचा, मशीन बूट करणारा छोटा प्रोग्राम) नसतो, हे कुणी सांगतच नाही.

जोडणीत अडण्यासारखं फार नाही. केबलची लाल तार एक नंबरच्या पिनेकडे, जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे पहिल्या डिस्कच्या जागी.

डॉस कार्डावर फारसं लिहीत नाही. विंडोज ९५ मात्र स्वॅप फाइलसाठी (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी फाइल) सतत लिहितं, तेव्हा ते टाकणार असाल तर आधी रॅम वाढवा.

सगळं सुरळीत चालू लागलं की कार्डाची इमेज नव्या पीसीवर ठेवा आणि एक जादा कार्ड घेऊन ठेवा, शक्यतो त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं. दोन कंपन्यांच्या ‘५१२ एमबी’त सेक्टर थोडे कमीजास्त असतात, आणि कमी निघाले तर ती इमेज त्यावर मावत नाही.