बाळाचे पहिले पीनट बटर
नाशिककरांच्या भाजीत दाण्याचे कूट रोज पडते, पण बाळाला ते द्यायला आपण उगाच उशीर करतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘लीप’ अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केल्यावर त्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली.

सहा महिन्यांच्या सुमारास, बाळ नाचणीचे सत्त्व नीट गिळू लागल्यावर, सर्दी-ताप नसलेल्या दिवशी सकाळी सुरुवात करावी, म्हणजे पुढचे दोन तास लक्ष ठेवता येते. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

बिनमिठाचे, बिनसाखरेचे गुळगुळीत पीनट बटर दोन छोटे चमचे घेऊन त्यात तितकेच गरम पाणी घोटावे. आधी ते फाटल्यासारखे दिसते, मग सायीसारखे सैल होते. निवल्यावर चमच्याच्या टोकापुरते चाटवून दहा मिनिटे थांबावे आणि उरलेले सावकाश द्यावे. गांधी उठल्या किंवा उलटी झाली तर थांबून डॉक्टरांना कळवावे. जीभ सुजली, श्वास लागला किंवा बाळ मलूल पडले तर लगेच 108 क्रमांक लावावा.

काही त्रास झाला नाही, तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहावे. अख्खा दाणा आणि (आजीने कितीही आग्रह केला तरी) चिक्की पाच वर्षांपर्यंत नको, कारण ती घशात अडकते.