तिसऱ्या काढायला निघालात? आधी पंचांग बघा

कोकणात जाऊन स्वतःच्या हाताने तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, काढून खायच्या असतील, तर पहिलं काम सोलापुरातच उरकायचं. पंचांग उघडायचं. मुक्काम कुठे, गाडी कुठली, हे सगळं नंतर. दाते पंचांग आपल्याच गावातून निघतं आणि बहुतेक घरांत असतंच. पण मुहूर्त आणि एकादशी सोडली तर आपण त्यात काही बघत नाही. समुद्राची वेळसुद्धा त्यातूनच काढता येते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पक्ष कुठलाही चालतो. घरात पाऊणकी पाठ असलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर काम आणखी सोपं. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे रात्री सव्वादोनच्या सुमाराला भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी साडेआठला. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं उतरतच नाही. म्हणून सुट्टी प्रतिपदा ते चतुर्थीत बसवा. ओहोटी सकाळी सात ते सव्वानऊच्या दरम्यान येते, पोरं झोपेतून उठलेली असतात आणि वाळू अजून तापलेली नसते. एकादशीला ओहोटी दुपारी अडीचला येते. आमच्या वहिनी एकादशी धरतात, त्यांना तो दिवस तसाही चालत नाही, त्यामुळे वाद नाही.

हा हिशेब मुंबईकडचा. रत्नागिरी-मालवणच्या बाजूला भरती त्याच्या आधी येते. म्हणून तासभर आधीच किनाऱ्यावर पोचा आणि नक्की वेळ घरमालकाला विचारून घ्या. ती मोबाइलवरही मिळते.

सामान साधं आहे. शेतातलं खुरपं, जाळीची पिशवी किंवा टोपली, पट्ट्याच्या सँडल आणि एक जुना सोलापुरी टॉवेल. स्लिपर नको, चिखलात रुतून राहते. आणि मुक्काम स्वयंपाकघर वापरू देणाऱ्या घरात घ्या, नाहीतर काढलेल्या तिसऱ्यांचं करायचं काय?

तिसऱ्या उघड्या समुद्राच्या लाटांत शोधू नका. नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला वाळूचे आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तिथे बघा. रत्नागिरीजवळ भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते, तसली जागा. पण जागा तुम्ही ठरवायचीच नाही. गावातल्या बायका पाटी घेऊन कुठे बसल्यात ते बघा आणि त्यांना विचारा, ‘मावशी, इथं काढल्या तर चालतील का?’ त्यांची ती रोजची कमाई असते, म्हणून त्यांच्या बाजूला नको, जरा लांब बसा. शहराचं सांडपाणी येतं तिथलं किंवा बोटींच्या धक्क्याजवळचं काही खायचं नाही. तिसरी पाणी गाळून जगते, त्यामुळे पाण्यात जे असेल ते तिच्या पोटात जातं.

ओल्या वाळूवर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसली की तिथे खुरपं आडवं घालून दोन-तीन इंच माती उलटा. खट् आवाज आला की हाताने चाचपा. जिवंत तिसरी हात लागताच शिंपला घट्ट मिटते. इंचभरापेक्षा लहान असेल तर परत मातीत. पोरं हावरटपणा करतात, म्हणून आधीच सांगून ठेवा: एका जेवणाला पुरतील एवढ्याच. पाणी फिरलं की लगेच उठायचं. खाडीत भरतीचं पाणी समोरूनच येतं असं नाही. मागचा खोलगट भाग आधी भरतो आणि माणूस वाळूच्या पट्ट्यावर अडकतो. गुडघाभर पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट (चपटा मासा) बसलेलं असेल तर ते आधीच सरकतं. त्याच्या शेपटीचा काटा फार वाईट.

कालवं खडकाला चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. ती फोडणाऱ्यांकडून विकतच घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. कुर्ली, म्हणजे खेकडा, सापडली तर उलटी करून बघा. पोटावरची झडप रुंद असेल तर मादी, तिथे अंडी दिसली तर सोडून द्या. सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख हातात घेऊ नका, काहींना विषारी नांगी असते. कासवाची अंडी, प्रवाळ यांना हात लावायचा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं, तिथे हा उद्योग करूच नका. पावसाळाही टाळा. पाणी लालसर किंवा विचित्र रंगाचं दिसलं, तर शिंपल्यातलं काहीच खाऊ नका. ते विष शिजवून जात नाही.

टोपलीवर टॉवेल समुद्राच्या पाण्यात पिळून झाका. बादलीत बुडवून आणल्या तर गुदमरून मरतात. घरी आल्यावर समुद्राच्याच स्वच्छ पाण्यात दोन-तीन तास ठेवा, वाळू ओकतात. मग एकेक हातात घ्या. तोंड उघडं असेल तर टिचकी मारा. मिटली नाही तर फेकून द्या. बंद असून जास्तच जड लागली, तर आत चिखल भरलेला असू शकतो. अशी एक जरी पातेल्यात फुटली तर सगळा रस्सा वाळूचा.

पातेल्यात अर्धी वाटी पाणी, वर झाकण, चार-पाच मिनिटं वाफ. सगळ्या टाळ्या वाजवल्यासारख्या उघडतात. न उघडलेल्या टाकून द्या. खालचं पाणी फडक्यातून गाळून ठेवा, सगळी चव त्यात आहे. कांदा-लसूण तेलात परतून हळद, ओलं खोबरं, दोन आमसुलं आणि आपलं काळं तिखट घाला. मालवणी माणूस नाक मुरडेल, मुरडू दे. तिसऱ्या आणि गाळलेलं पाणी घातल्यावर दोन-तीन उकळ्या पुरेत, जास्त शिजवल्या तर चिवट होतात. मीठ शेवटी, चाखून. सोबत घरून नेलेली कडक भाकरी चुरून घाला.

ज्या पोरांनी शिंपल्यातलं कधीच खाल्लं नाही, त्यांना पहिल्यांदा एक-दोनच द्या. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर सरळ डॉक्टर.

उरलेल्या तिसऱ्या सोलापूरला आणायच्या भानगडीत पडू नका. आंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला करत गाडी येईपर्यंत त्यांचं काही खरं नाही. शेजाऱ्यांसाठी न्यायचंच असेल तर बाजारातून सुका जवळा किंवा सोडे घ्या. दोन पिशव्यांत बांधून वर डब्यात ठेवा, नाहीतर एसटीत कंडक्टर तुमच्याच सीटकडे बघत बसेल.