सुरुवातीच्या स्क्रिप्ट: कोणती पद्धत केव्हा निवडावी

लिनक्स किंवा तत्सम प्रणालीचे यंत्र सुरू होताना एखादी सेवा (पार्श्वभूमीत चालत राहणारा प्रोग्रॅम) आपोआप चालू व्हावी यासाठी पद्धत निवडण्यापूर्वी, त्या सेवेच्या आधी काय तयार असावे लागते आणि ती मध्येच बंद पडल्यास पुन्हा कोणी सुरू करायची, हे ठरवावे. एकदाच चालवायच्या लहान आज्ञेसाठी क्रॉन या ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील ‘@रीबूट’ची ओळ पुरते, मात्र ती नेटवर्कची वाट पाहत नाही.

युनिक्समधून आलेल्या जुन्या सिस्टिम फाइव्ह पद्धतीत स्क्रिप्टकडे नेणाऱ्या दुव्याच्या नावातील ‘एस’ अक्षरापुढच्या अंकांवरून क्रम ठरतो. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीमध्ये प्रत्येक स्क्रिप्ट आपल्या गरजा स्वतः नोंदवते आणि त्यावरून क्रम आपोआप लागतो; ही रचना मला अधिक स्वच्छ वाटते.

2010 साली आलेल्या सिस्टिमडी या लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सर्वाधिक घोटाळा युनिट फाइलमधील (सेवेची व्याख्या असलेल्या फाइलमधील) ‘आफ्टर’ या ओळीमुळे होतो, कारण ते केवळ क्रम ठरवते, दुसरी सेवा सुरू करत नाही. त्यासाठी ‘वॉन्ट्स’ किंवा ‘रिक्वायर्स’ लिहावे लागते, आणि नुसते तेवढेच लिहिल्यास दोन्ही सेवा एकाच वेळी सुरू होऊ शकतात. म्हणून दोन्ही ओळी द्याव्यात. ‘रिस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ हे मूल्य दिल्यास कोसळलेली सेवा पुन्हा सुरू केली जाते. युनिट फाइल बदलल्यावर ‘डीमन-रीलोड’ ही आज्ञा चालवावी, अन्यथा जुनीच व्याख्या वापरली जाते.