मतदानयंत्राच्या रचनेकडे वळणाऱ्यांसाठी : क्रमाचा सापळा

मायक्रोकंट्रोलर, इंटरप्ट, ईईप्रॉम आणि बटणांचे डिबाउन्सिंग एवढे ठाऊक असलेल्या, आणि मतदानयंत्रांच्या कामाकडे वळू पाहणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी हा लेख आहे. मी स्वतः संस्थांच्या अंतर्गत निवडणुकांसाठी मतदानयंत्रे तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. लोकसभा आणि विधानसभेची यंत्रे आपल्याकडे दोनच सार्वजनिक उपक्रम बनवतात, बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल, आणि त्या यंत्रांतील सॉफ्टवेअर जाहीर नाही. त्यामुळे त्यांच्याविषयी पुढे जे येईल ते निवडणूक आयोगाची माहिती, न्यायालयांचे निकाल आणि प्रसिद्ध झालेले अभ्यास यांवर आधारलेले आहे. सापळ्याविषयी जे येईल ते मात्र माझ्या स्वतःच्या कामातले आहे, आणि ते लिहिताना आजही थोडा राग येतो, कारण ते मला वेळेवर कोणीच सांगितले नाही.

कटू गोष्ट आधी सांगून टाकते. या क्षेत्रात सर्किट हा सोपा भाग आहे. बटण दाबले की दिवा लागावा, बीप वाजावा आणि एक आकडा वाढावा, एवढेच तर काम आहे, असे सुरुवातीला प्रत्येकाला वाटते आणि ते फारसे खोटेही नाही. अवघड असतो तो कायदा. ईसीआयएलने १९७९ मध्ये नमुनायंत्र तयार केले, ६ ऑगस्ट १९८० रोजी आयोगाने त्याचे प्रात्यक्षिक राजकीय पक्षांना दाखवले आणि १९ मे १९८२ रोजी केरळमधील परूर मतदारसंघातील ५० मतदान केंद्रांवर ते प्रत्यक्ष वापरले गेले. पुढे १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्यात तरतूद नसताना यंत्राने मतदान घेता येणार नाही. यंत्रात काही बिघाड होता म्हणून हे घडले नाही. डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१अ आले, १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली आणि २००४ मध्ये ती सर्व ५४३ लोकसभा मतदारसंघांत पोहोचली. ज्याला कलम आणि नियम वाचायचा कंटाळा आहे त्याने वॉशिंग मशीनचे नियंत्रक बनवावेत. तेथे पगारही बरा असतो.

आता माझ्या नावडत्या विषयाकडे येते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला ‘बोटाच्या ठशावर चालणारे मतदानयंत्र’ हा प्रकल्प दरवर्षी कोणीतरी करतेच. तयार कोड मिळतो, ठसा वाचणारा सेन्सर स्वस्तात मिळतो आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना तो सुरक्षित वाटतो. माझ्या मते हा प्रकल्प विद्यार्थ्याला नेमकी उलटी सवय लावतो. मतदार कोण आहे हे ज्या पेटीला कळते, त्याच पेटीला त्याने कोणते बटण दाबले हेही कळते, आणि या दोन गोष्टी एका पेटीत आल्या की गुप्त मतदान उरत नाही. आपल्या यंत्राच्या रचनेतील सर्वांत शहाणा निर्णय हाच आहे, की ओळख पटवण्याचे काम माणसांकडे आणि कागदाकडे ठेवले आणि यंत्राला मतदाराचे नाव कधीच कळू दिले नाही. मुलाखतीत असा प्रकल्प अभिमानाने सांगू नका. केलेलाच असेल, तर त्यातील दोष तुम्हाला कळला आहे हे सांगा; त्याचा उपयोग होईल.

नाव यंत्रात नाही म्हणून गुप्तता राखली गेली, असे मात्र समजू नका. मी बराच काळ अडकले ती जागा नेमकी हीच, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

मतदान केंद्रावर नमुना १७-अ ही नोंदवही असते. मतदार ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने तिच्यात त्यांची नोंद होते, मतदार सही किंवा अंगठा करतो आणि मग कंट्रोल युनिट, म्हणजे यंत्राचा अधिकाऱ्याकडे असणारा भाग, सांभाळणारा अधिकारी ‘बॅलट’ बटण दाबून त्याच्यासाठी यंत्र खुले करतो. उमेदवारांचे प्रतिनिधीही खोलीत बसलेले असतात आणि कोणामागून कोण आले हे त्यांना दिसत असते. म्हणजे मतदारांचा क्रम ही उघड गोष्ट आहे. आता यंत्राच्या आत मतांचाही क्रम कोठे शिल्लक राहिला, तर दोन याद्या शेजारी ठेवल्या की सत्तेचाळिसाव्या मतदाराने कोणाला मत दिले हे शाळकरी मूलही सांगू शकेल. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२८ मतदानाशी संबंधित अधिकाऱ्यांवर आणि प्रतिनिधींवर गुप्तता राखण्याचे बंधन घालते. त्याच बंधनात तुमचे फर्मवेअरही बसले पाहिजे.

आपले सगळे प्रशिक्षण या विरुद्ध असते. कोणत्याही एम्बेडेड अभियंत्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात, की प्रत्येक घटना वेळेसह नोंदवा, म्हणजे उद्या बिघाड शोधता येईल. ग्राहकही तेच मागतो, कारण निकालावर वाद झाला तर त्याला काहीतरी दाखवायचे असते. आमच्या यंत्राच्या आराखड्यात अशी नोंद होतीच. ती काढायची म्हटल्यावर वरिष्ठांना वाटले, की ही मुलगी काम टाळते आहे.

फक्त वेळ काढून टाकली तर भागत नाही, कारण क्रम उरतो. मत ईईप्रॉममध्ये एकामागून एक लिहिले जात असेल, तर पत्ता हाच क्रमांक ठरतो. २०१० मध्ये हरी प्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंग्रिप यांच्या गटाने आपल्याकडील एक खरे यंत्र उघडून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याची चर्चा निकालात फेरफार करता येण्यावर झाली. परंतु त्या यंत्राच्या स्मृतीत मते पडलेल्या क्रमानेच साठवलेली होती, हे त्यातील निरीक्षण रचनाकारासाठी अधिक मोलाचे आहे.

मग क्रमच नको, उमेदवारागणिक फक्त आकडा वाढवू, असा विचार सुचतो. तो चांगला आहे, पण वीज मध्येच गेली तर अर्धवट लिहिलेला आकडा बिघडू नये म्हणून आपण दोन-तीन प्रती ठेवतो आणि आळीपाळीने लिहितो. जुनी प्रत आणि नवी प्रत यांत एकाच उमेदवाराचा आकडा एकाने वेगळा असेल, तर शेवटच्या मतदाराचे मत उघडे पडले. फ्लॅश स्मृतीत झीज वाटून घेणारी यंत्रणा (वेअर लेव्हलिंग) असेल तर परिस्थिती आणखी वाईट होते, कारण तेथे जुन्या प्रती तुम्ही पुसल्या असे तुम्हाला वाटते, पण त्या कोठेतरी पडून असतात. आम्ही चाचणीसाठी ठेवलेला सिरियल पोर्टही एकदा हीच माहिती बाहेर सांगत होता.

तिसरा मार्ग म्हणजे मते यादृच्छिक जागी लिहिणे. तो योग्य आहे, पण यादृच्छिक संख्या कोठून येते यावर सगळे अवलंबून असते. ब्राझीलच्या यंत्रात मते अशीच विस्कळीत करून साठवली जात होती. २०१२ च्या जाहीर सुरक्षा चाचणीत दिएगो अरान्हा यांच्या गटाला आढळले, की संख्याजनकाला बीज (सीड) म्हणून यंत्राची वेळ दिलेली होती, आणि ती वेळ मतदानापूर्वी छापल्या जाणाऱ्या शून्य मतांच्या अहवालावर स्पष्ट दिसत होती. त्यांनी मूळ क्रम परत मिळवला. हे वाचल्यावर मी आमचा कोड उघडला आणि त्या दिवशी जेवले नाही.

कागदही यातून सुटत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात २००७ मध्ये असे उघड झाले, की तेथील काही यंत्रांच्या वेळेसह छापलेल्या अखंड कागदी पट्टीची मतदारांच्या यादीशी सांगड घातली तर मत ओळखता येते. आपल्या व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्रात, चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते, मग कापली जाते आणि बंद पेटीत पडते. ‘कापली जाते’ हे दोन शब्द वाचताना बहुतेक जण पुढे सरकतात. चिठ्ठ्या सुट्या होऊन एकमेकींत मिसळतात यातच गुप्ततेची सोय आहे, आणि त्यासाठी छपाईयंत्रात कापणीचे नाजूक यांत्रिक काम वाढवून घेतले आहे.

याचा अर्थ कोणतीही नोंद ठेवू नये असा नाही, आणि येथे घाबरून जाऊ नका. मतदान केंद्र बळकावून पटापट बटणे दाबली गेली तर ते नंतर कळावे, यासाठी वेळेची नोंद हवीच. २००६ नंतरच्या यंत्रांत बटण दाबल्याच्या तारीख-वेळेची नोंद होते, असे आयोग सांगतो. आम्ही शेवटी केलेली वाटणी अशी आहे : अधिकाऱ्याने यंत्र केव्हा खुले केले आणि मत केव्हा पूर्ण झाले, हे वेळेसह नोंदवायचे, कोणते बटण दाबले, हे त्या नोंदीच्या जवळपासही येऊ द्यायचे नाही, आणि मतांच्या जागा ठरवणारी संख्या वेगळ्या हार्डवेअरमधून घ्यायची. त्यानंतरची चाचणी प्रत्येक नवशिक्याने करावी. खोट्या मतदारांची क्रमवार यादी आणि यंत्रातील संपूर्ण स्मृतीची प्रत कोडशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्या, आणि कोणी कोणाला मत दिले ते शोधायला सांगा. त्याला एक जरी मत सापडले, तरी रचना परत टेबलावर घ्या.

मार्गदर्शकाविषयी माझे मत थोडे आगाऊ वाटेल. कूटशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेतील, दोन-चार निवडणुकांत केंद्राध्यक्ष राहिलेले गुरुजी किंवा बाई या कामात अधिक शिकवतात. आदल्या रात्री वर्गखोलीत साहित्य तपासताना, पहाटे प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान (मॉक पोल) घेताना आणि संध्याकाळी दमलेल्या हातांनी सील लावताना यंत्र कसे वाटते, हे त्यांनाच ठाऊक असते. अभिरूप मतदानातील किमान ५० मते पुसायची राहून गेली आणि खरे मतदान सुरू झाले, असे प्रसंग घडतात. म्हणून प्रशिक्षणात ‘क्लोज, रिझल्ट, क्लिअर’ हा क्रम घोकून घेतला जातो. ‘क्लोज’ दाबल्याशिवाय ‘रिझल्ट’ चालत नाही आणि निकाल पाहिल्याशिवाय ‘क्लिअर’ चालत नाही. या साखळीचा आराखडा कागदावर काढा आणि प्रत्येक टप्प्यावर वीज गेली तर काय होईल ते लिहा. मी आतापर्यंत केलेल्या अभ्यासांत हा सर्वांत फलदायी ठरला. केंद्राध्यक्षांसाठीची आयोगाची पुस्तिकाही मिळवा. ती रुक्ष आहे, पण तिच्यातील प्रत्येक सूचनेमागे कोठेतरी झालेला घोळ आहे.

रचनेची आवड असणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. आपल्या यंत्राचे बाह्य रूप पवईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना केंद्राच्या ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांनी घडवले, आणि चिन्हाशेजारी निळे बटण व त्याच्याजवळ लाल दिवा ही मांडणी अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही समजते. त्या मांडणीच्या मर्यादा पाहायच्या असतील तर २०१९ चे निजामाबाद पाहा. शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने अर्ज भरल्यामुळे तेथे १८५ उमेदवार झाले आणि एकेका केंद्रावर १६ बटणांची १२ बॅलट युनिटे, म्हणजे मतदारासमोरची बटणांची पेटी, मांडावी लागली. आपला उमेदवार कोणत्या युनिटवर आहे हे शोधणाऱ्या आजीबाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, की या क्षेत्रात अजून किती काम बाकी आहे ते कळते.

विश्वासाच्या प्रश्नावर थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये त्यांची यंत्रे घटनाबाह्य ठरवली, कारण तज्ज्ञ नसलेल्या नागरिकाला मतमोजणीचे मुख्य टप्पे पडताळता येत नव्हते. भारतीय यंत्रे वापरणाऱ्या नामिबियातही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कागदी पुराव्याशिवाय त्यांचा वापर अमान्य केला. ‘आमचे यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही’ एवढे उत्तर पुरेसे आहे असे मानणाऱ्या वरिष्ठांच्या हाताखाली फार दिवस राहू नका.

नोकरीच्या दृष्टीने वाटा थोड्याच आहेत : दोन सार्वजनिक उपक्रम, चाचणी आणि प्रमाणीकरण करणारी सरकारी प्रयोगशाळा, आणि आमच्यासारख्या लहान कंपन्या. जागा कमी निघतात आणि पहिल्या फेरीत निवड झाली नाही म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. दरम्यान हाताशी ठेवायला एक प्रकल्प सुचवते, बोटाच्या ठशांपेक्षा कितीतरी चांगला. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय निवडणूक संचालन नियमांतील नियम ५९अ मध्ये होती. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला, आणि कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे निकालपत्रकावरून कोणालाही वाचता येऊ लागले. अनेक यंत्रांची बेरीज एकत्रच दाखवणारा टोटलायझर आयोगाने २००८ मध्ये सुचवला, विधी आयोगाच्या २५५व्या अहवालानेही त्याला दुजोरा दिला, पण तो वापरात आला नाही. तो बनवून पाहा. एकेका यंत्राचा निकाल न दाखवता बेरीज करायची, आणि तरीही प्रत्येक यंत्रातील एकूण मते नमुना १७-क, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब, यातील संख्येशी जुळतात हे प्रतिनिधींना पटवायचे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या त्या त्या यंत्राच्या निकालाशी ताडून पाहाव्या लागतात, म्हणजे त्या पाच केंद्रांचा आकडा उघड होणारच. ती पाच केंद्रे केव्हा निवडायची, बेरजेच्या आधी की नंतर, आणि त्यांना बेरजेत धरायचे की वगळायचे, यावर आमच्या कार्यालयात अजून एकमत झालेले नाही.