गोडी छाटणीआधीचे पंधरा दिवस

"बाग किती दिवसांची झाली?" आमच्या निफाड-दिंडोरीकडे दोन द्राक्ष बागायतदार भेटले की पहिला प्रश्न हाच. हे दिवस गोडी छाटणीला, म्हणजे वेलीवर घड यावेत म्हणून करायच्या छाटणीला, कात्री लागल्यापासून मोजायचे. आठ-दहा दिवसांत काडीवरचे डोळे कापसतात, म्हणजे फुगून कापसासारखे दिसतात, पंधरवड्यात पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, येतो, चाळिशीच्या आसपास फुलोरा. मध्ये सामान शोधत फिरायला सवड नाही. म्हणून सगळी जमवाजमव आधीच करा.

सुरुवात काडी तपासणीने करा. यंदाचे घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्यांसाठी केलेल्या छाटणीनंतर, काडीतल्या डोळ्यांत तयार होऊन बसलेत. कितव्या डोळ्यात आहेत, ते प्रयोगशाळेत डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांतल्या आणि मधल्या काड्या द्या, नुसत्या बांधाकडच्या नकोत. सबकेनला, म्हणजे मुख्य काडी खुडल्यावर तिच्यातून फुटलेल्या उपकाडीला, गाठीच्या पुढे एक-दोन डोळे राखायचे, हा नेम बहुतेक वेळा चालतो. पण एका वर्षी मी शेजारची बाग पाहून सरसकट छाटलं आणि अर्ध्या प्लॉटात घड बाळीवर गेले, म्हणजे घडाऐवजी नुसते तणावे आले. सगळं वर्ष हातचं गेलं. तपासणीचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

माती-पाणी तपासून घ्या, ठिबकच्या नळ्यांची टोकं सोडून गाळ काढा, ढिल्या तारा ताणा, गंजलेले अँगल बदला. माल लागल्यावर मांडव बसला तर सावरता येत नाही.

पानगळीसाठी इथरेल या औषधाची फवारणी छाटणीआधी दहा-पंधरा दिवस, पाणी तोडून. पिवळी पडून गळलेली पानं बागेत कुजू देऊ नका, डाऊनी आणि करपा हे बुरशीचे रोग त्यांच्यात दबा धरून असतात. गोळा करून बागेबाहेर न्या. परतीचा पाऊस रेंगाळला तर पोंग्यातल्या बागेला याचीच झळ बसते.

मग बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण. शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, म्हणजे एक टक्का. मोरचूद कापडात बांधून रात्रभर प्लॅस्टिकच्या ड्रमात टांगून ठेवा. लोखंडी भांडं अजिबात नको. चुना वेगळा विरवा, गाळा. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या ड्रमात ओता, काठीने ढवळत राहा. आकाशी रंग उतरला की स्वच्छ घासलेली विळी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी आणखी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. खोड, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या), तारा, खालची जमीन, सगळं धुऊन निघालं पाहिजे.

वही आजच आणा. छाटणीची तारीख, प्रत्येक फवारणी, औषध, प्रमाण. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तेव्हा बागायतदारांचे जे हाल झाले ते विसरता येत नाहीत. निर्यात करायची असेल तर ग्रेपनेटवरची, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरची, बागेची नोंदणीही वेळेत उरका.

टोळीला तारीख द्या, आणि जेवढी छाटणी होईल तेवढ्या डोळ्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत पेस्ट, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं औषध, लागेल असा माणसांचा हिशोब धरा. पेस्टमधलं औषध हायड्रोजन सायनामाईड, लिटरला साधारण 30 ते 40 मिली, काडीची जाडी आणि थंडी पाहून. लावलेला डोळा ओळखू यावा म्हणून त्यात लाल रंग. इथे हात आखडू नका: प्रत्येक बाईला, प्रत्येक गड्याला रबरी हातमोजे आणि चष्मा तुम्ही द्यायचा. नुसत्या फडक्याने पेस्ट लावून बोटांची सालं निघालेल्या मावश्या मी पाहिल्यात. आणि गड्यांना आदल्याच दिवशी बसवून सांगा, की पेस्टच्या आधी, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंबही नको. हे औषध अंगात असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, जिवावर बेतू शकतं. साबण आणि पाण्याची भरलेली टाकी बागेच्या तोंडाशी ठेवा, जेवायला बसण्याआधी सगळ्यांचे हात तुमच्या डोळ्यांदेखत धुतले जाऊ द्या.